रंगाचा बेरंग कोणी करायचा?

सिएटलजवळच्या एव्हरेटहून पूर्वेला निघालेला हायवे क्रमांक 2 स्टीव्हन्स पासच्या घाटातून कॅस्केड पर्वतरांग ओलांडतो. रेडमंड-बेलव्ह्यूकडच्या मराठी मंडळींच्या पायाखालचा रस्ता आहे हा. नाताळात लेवनवर्थची रोषणाई बघायला जाताना हाच घाट चढावा लागतो. घाटमाथ्यावरच्या रिसॉर्टमध्ये कितीतरी मुलं पहिल्यांदा पायात स्की अडकवतात आणि आईबाप कॉफीचे पेले धरून काचेआडून बघत राहतात. रिसॉर्टच्या हद्दीतले उतार स्की पेट्रोलची, म्हणजे गस्तीची, माणसं रोज सकाळी तपासतात. बर्फ घसरेल अशी शंका आली, तर स्फोटकं लावून लोक येण्याआधीच तो पाडून टाकतात. हद्दीबाहेर असलं काही कोणी करत नाही. तिथला बर्फ जसा पडला तसा पडून असतो आणि कसलेल्या स्कीअरना नेमका तोच हवा असतो. या हद्दीबाहेरच्या मुलखाला तिकडे बॅककंट्री म्हणतात.

स्टीव्हन्स पासजवळची नावाजलेली बॅककंट्री म्हणजे टनेल क्रीक. लिफ्टनं वर जायचं, स्की खांद्यावर घेऊन दहाएक मिनिटं चढायचं, की काउबॉय माउंटनचा माथा येतो. मागच्या अंगाला डोंगर थेट खाली हायवेच्या दिशेनं उतरत जातो. वर ऐसपैस मोकळे उतार, मधे जुन्या झाडांचे पुंजके आणि खाली खाली अरुंद होत जाणारी घळ. वर कुठेही बर्फ सुटला तरी तो शेवटी त्या घळीतच येतो. हे सगळं तिथल्या लोकांना तोंडपाठ आहे.

19 फेब्रुवारी 2012, रविवार. दोन दिवसांच्या वादळानं दोन-अडीच फूट ताजा बर्फ टाकला होता. रिसॉर्टचा मार्केटिंग प्रमुख, वय वर्षं तीस, यानं आदल्या दिवशीच बेत जमवला: पाहुण्यांना टनेल क्रीक दाखवायचा. पाहुणे लेचेपेचे नव्हते. स्कीच्या जगात ज्याचा शब्द चालतो त्या ‘पावडर’ मासिकाचा संपादक होता. एक नामांकित छायाचित्रकार होता. ईएसपीएनची स्की-पत्रकार होती. फ्रीस्कीइंगच्या स्पर्धांचा मुख्य परीक्षक होता. 2008 सालची फ्रीराइड वर्ल्ड टूरची विजेती एलिस सॉगस्टॅड होती. शिवाय आयुष्यभर याच डोंगरावर उतरलेले स्थानिक गडी. कोणी मित्राला बोलावलं, त्या मित्रानं आणखी कोणाला. असं करत करत माथ्यावर जमले तेव्हा सोळा जण झाले होते.

त्या सकाळचा हिमस्खलनाचा अंदाज जाहीर झालेला होता. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. त्यांतली चौथी पायरी पाच हजार फुटांच्या वर, तिसरी त्याखाली. काउबॉय माउंटनचा माथा पाच हजार आठशे फुटांच्या पुढे. सोळांपैकी बऱ्याच जणांनी तो अंदाज वाचला होता. सगळ्यांकडे नाही, तरी बहुतेकांकडे बर्फाखालून संदेश देणारा ट्रान्सिव्हर, बर्फात खुपसून बघायची लांब काठी आणि फावडं हा तीन वस्तूंचा संच होता. अज्ञान, निष्काळजीपणा, थिल्लर पोरंटोरं, ही आपली नेहमीची कारणं इथे एकही लागू पडत नाहीत.

न्यूयॉर्क टाइम्सचे जॉन ब्रांच यांनी त्या दिवशी तिथे झालेल्या हिमस्खलनातून वाचलेल्या प्रत्येकाशी पुढे बोलून सगळी हकीगत मांडली. ‘स्नो फॉल’ या नावानं ती डिसेंबर 2012 मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. लोक त्या लेखाच्या चित्रफितींविषयी आणि मांडणीविषयीच जास्त बोलले. मला त्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी वाटते. माथ्यावर उभ्या असलेल्या एकाहून अधिक माणसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली होती. एवढा मोठा गट घेऊन असल्या जागी कोणी उतरत नाही, हे त्यांना कळत होतं. पण समोर बघावं तर या क्षेत्रातली मोठमोठी नावं हसत-खिदळत बूट आवळताहेत. इतकी सगळी जाणती माणसं मिळून चूक करतील हे शक्यच नाही, अशी एकानं स्वतःची समजूत घातली. दुसऱ्याला वाटलं, मी पाहुणा. यजमानाच्या डोंगरावर मी काय बोलणार? स्थानिकांना वाटलं, एवढे अनुभवी पाहुणे, काही खटकत असेल तर बोलतीलच की. प्रत्येकानं आपली शंका दुसऱ्याच्या भरवशावर गिळली. बारभाईंची शेती म्हणतात ती ही. धनी सोळा, राखण कोणाचीच नाही.

कोणीतरी म्हणालं, जोड्या करा. जोड्या झाल्या. एकेक करून उतरायला सुरुवात झाली. पुढे गेलेले काही जण अर्ध्या उतारावर जाड, जुन्या झाडांच्या बेटात थांबले, कारण इतकी वर्षं टिकलेली झाडं म्हणजे सुरक्षित जागा असा सगळ्यांचा समज. मग वरून आणखी एक स्कीअर निघाला आणि त्याच्या आसपास उताराचा थर तुटला. तुटलेली कड दोनशे फूट रुंद आणि जवळपास तीन फूट जाड. तो सगळा ऐवज झाडांच्या बेटातून आरपार गेला. तिथे उभा असलेला एक जण दोन झाडांच्या मधे स्वतःला कोंबून तगला. त्याच्या शेजारचा माणूस वाहून गेला. एकूण चौघं घळीत ओढले गेले: यजमान, परीक्षक, दोन मुलींचा बाप असलेला एक स्थानिक ठेकेदार आणि सॉगस्टॅड. तिच्या पाठीवर हवेची पिशवी फुगणारी सॅक होती. घसरत्या बर्फात आकारानं मोठी वस्तू वरच्या बाजूला येत राहते, या तत्त्वावर ती चालते. सॉगस्टॅड तळाशी पोचली तेव्हा तोंड आणि हात तेवढे वर होते. ती वाचली. बाकीचे तिघे गेले.

वर अडकलेल्यांना कोण वाहून गेलं हे कळेना, कारण आपण मुळात किती जण निघालो होतो हेच कोणाला नक्की ठाऊक नव्हतं. कोणी मोजलं नव्हतं. कोणी नेता नव्हता. गटातली एक स्नोबोर्डर तर आधीच बाजूला झाली होती. टनेल क्रीकची तिला पूर्वीपासून धास्ती होती. सगळे त्या बाजूला वळताना बघून तिनं मुकाट्यानं वाट बदलली आणि दुसरीकडून सुखरूप उतरली. तिचा निर्णय बरोबर होता. तिनं तो कोणाला ऐकवला मात्र नाही.

बाजूला होऊन वाचणं या घाटाला नवं नाही. याच घाटात 1 मार्च 1910 च्या रात्री अमेरिकेच्या इतिहासातलं सर्वांत प्राणघातक हिमस्खलन झालं होतं. वेलिंग्टन नावाच्या स्टेशनात दोन गाड्या बर्फामुळे दिवसचे दिवस अडकून पडल्या होत्या. प्रवाशांच्या बैठका होत, रेल्वेच्या साहेबांशी हुज्जत चाले. काही जण कोणाचं न ऐकता पायीच घाट उतरून गेले, ते वाचले. गाड्या बर्फासकट दरीत गेल्या तेव्हा 96 माणसं मेली.

आता थोडं बर्फाविषयी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोंगरावरचा बर्फ एकसंध नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो. मधे थंड, निरभ्र रात्री आल्या की पृष्ठभागावर पिसासारखे नाजूक स्फटिक वाढतात. उन्हात ते सुंदर चमकतात. त्यांच्यावर नव्या वादळाचा जड थर येऊन बसला, की मोहरीच्या दाण्यांवर पाटी ठेवल्यासारखी अवस्था होते. सपाटीवर पाटी जागची हलत नाही. पण उतार साधारण 30 ते 45 अंशांचा असेल, आणि स्कीसाठी सगळ्यात मजेचा उतार नेमका हाच, तर एका माणसाच्या वजनानं खालचा नाजूक थर कोलमडतो. मग तडा जी धाव घेतो ती माणसाच्या कितीतरी पुढे. स्टीव्हन्स पासला फेब्रुवारीच्या सुरुवातीला असेच स्फटिक वाढले होते आणि वादळाखाली गाडले गेले होते.

करमणुकीसाठी डोंगरात गेलेले जे लोक हिमस्खलनात मरतात, त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ जणांच्या बाबतीत ते हिमस्खलन त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणीतरी सुरू केलेलं असतं. हा आकडा या विषयातला जुना आहे आणि प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितला जातो. म्हणजे डोंगर आपणहून अंगावर येतो असं फार क्वचित घडतं. आणि बाहेरून मदत येईल या आशेला फारसा अर्थ नसतो. गाडला गेलेला माणूस पंधरा मिनिटांच्या आत बाहेर निघाला तर दहापैकी नऊ वेळा जगतो. पस्तीस मिनिटं उलटली की जगणाऱ्यांचं प्रमाण तिघांत एक इतकं खाली येतं. हेलिकॉप्टर यायच्या आत जे व्हायचं ते होऊन जातं. उकरून काढणारा असतो तो बरोबरचाच. म्हणून एकट्यानं जायची सोय नाही, गट हवाच. आणि गट झाला की हे असं होतं.

हे असं म्हणजे काय, याचा माग इयन मॅकॅमन या अमेरिकी अभियंत्यानं काढला. तो स्वतः डोंगरातला प्रशिक्षक. 1972 ते 2003 या काळातल्या 715 अपघातांच्या नोंदी त्यानं चाळल्या. प्रश्न सरळ होता: धोक्याच्या खुणा समोर दिसत असताना प्रशिक्षित माणसंही का गेली? त्याला सहा सापळे सापडले. जागा ओळखीची आहे. चारचौघांत, विशेषतः स्त्री-पुरुष एकत्र असताना, मान हवा आहे. ठरवलंय ना, मग पार पाडायचं. पुढे कोणीतरी अनुभवी आहे, तो बघेल. ताज्या बर्फावर पहिली रेघ आपली उमटली पाहिजे, दुसऱ्या कोणाची नको. बाकीचे लोक उतरताहेत, म्हणजे ठीकच असणार.

यातला पहिला सापळा मला सगळ्यात खोल वाटतो. उत्तम प्रशिक्षण घेतलेले गट ओळखीच्या डोंगरावर गेले की जवळजवळ अडाण्यांइतकाच धोका पत्करत होते, असं मॅकॅमनच्या नोंदींत दिसलं. शिकलेलं सगळं ‘इथे काही होत नाही, किती वेळा आलोय’ या वाक्याखाली दडपून जातं. डोंगर मात्र चुकीची शिक्षा दर वेळी देत नाही. दहा वेळा चुकीचा निर्णय घेऊनही माणूस मजेत घरी येतो आणि त्याला वाटतं आपला अंदाज पक्का आहे. पोहताना चूक झाली तर लगेच नाकातोंडात पाणी जातं. इथे तसं कोणी कान धरत नाही.

मॅकॅमनच्या कामावर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. त्यानं फक्त अपघात पाहिले. याच सहा सापळ्यांत अडकून सुखरूप परतलेले हजारो गट त्याच्या वहीत नाहीत, त्यामुळे सापळा आणि मृत्यू यांचं नेमकं गणित त्यातून मांडता येत नाही. शिवाय अपघातानंतर मागे वळून पाहिलं की सगळं स्वच्छ दिसतं, तो भागही आहेच. तरी त्याचं ऋण मोठं. तोवर प्रशिक्षणाचा मुख्य रोख बर्फावर होता: खड्डा खणा, थर बघा, स्फटिक भिंगाखाली धरा. त्यानंतर प्रशिक्षक वर्गात माणसांविषयी जास्त बोलू लागले.

बोलून भागतं का, हा वेगळा प्रश्न. 20 एप्रिल 2013 ला, टनेल क्रीकनंतर सव्वा वर्षानं, कोलोरॅडोत लव्हलंड पासजवळ शीप क्रीक इथे बॅककंट्रीवाल्यांचा एक मेळावा भरला होता. मेळाव्याचा एक हेतू हिमस्खलनाविषयी जागृती हाच होता. त्यातले सहा जण निघाले. अंदाज त्यांनी वाचला होता. सामान होतं. सुरक्षित उताराकडे जायचं तर मधे एका वाईट उताराचा पायथा ओलांडावा लागतो हेही त्यांनी ओळखलं होतं. अंतर राखून चालू, पटकन पार होऊ, असं ठरलं. ठेवलेलं अंतर पुरेसं नव्हतं. अख्खा उतार सुटला आणि सहाही जण गाडले गेले. उकरायला कोणी वर उरलंच नाही. एकाचा हात तोंडाजवळ मोकळा राहिल्यानं तो चार तास तग धरून वाचला, पाच जण मेले. धोका त्यांना नावानिशी माहीत होता. तो कळल्यावर परत फिरणं हा पर्याय बहुधा त्या सकाळी कोणाच्या यादीत नव्हता.

आपल्याला हे परकं वाटायला नको. गटात नाही म्हणणं म्हणजे काय असतं, हे मराठी माणसाला अमेरिकेतून शिकावं लागत नाही. जो थांबू या म्हणतो तो रंगाचा बेरंग करणारा. दुसऱ्यांदा म्हणाला तर त्याचा नन्नाचा पाढा सुरू झाला. भीड ही भिकेची बहीण असं आपली म्हण सांगते. बर्फात ती आणखी बऱ्याच गोष्टींची बहीण होते. आणि लक्षात घ्या, टनेल क्रीकच्या माथ्यावर कोणी कोणाला दटावलं नव्हतं. कोणी ‘घाबरलास काय’ असंही म्हटल्याचं नोंदलेलं नाही. दबाव टाकणारा खलनायक तिथे नव्हताच. नुसती प्रसन्न, उत्साही, एकमेकांचा आदर करणारी मंडळी होती. दटावणी असती तर कदाचित कोणीतरी उसळून बोललं असतं.

ज्यांचा हा रोजचा धंदा आहे ते लोक भिडेवर इलाज करायच्या भानगडीत पडत नाहीत. भीड मोडायची गरजच पडू नये अशी व्यवस्था करतात. कॅनडात हेलिकॉप्टरनं स्कीअरना डोंगरावर नेणाऱ्या कंपन्यांत सकाळी गिऱ्हाईक उठायच्या आत गाइडांची बैठक बसते. टेबलावर उतारांची यादी असते, शेकडो उतारांची. प्रत्येकापुढे आज खुला की बंद अशी खूण होते. एका गाइडचा जरी एखाद्या उताराला विरोध असला तरी तो बंद होतो. त्याला कारणांची सरबत्ती करावी लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम पुढे आहे: सकाळी बंद ठरलेला उतार दिवसभरात डोंगरावर उभं राहून खुला करायचा नाही. ऊन पडलं, गिऱ्हाईक गळ घालू लागलं, बर्फ कितीही लोभस दिसला, तरी नाही. खुला ठरलेला बंद मात्र केव्हाही करता येतो. निर्णय गरम खोलीत, पोटात न्याहारी असताना आणि समोर मोह नसताना घेतला जातो. डोंगरावर तो नुसता पाळायचा.

हौशी लोकांच्या अभ्यासवर्गांतही आता असेच साधे रिवाज सांगतात. गट चार-पाचांचा ठेवा. सगळ्यात नवख्याला आधी बोलू द्या, कारण दादा माणूस बोलून गेल्यावर नवखा री ओढतो. एकाचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार, आणि त्यावर मतदान नाही. निघण्यापूर्वीच दुसरा बेत तयार ठेवा, म्हणजे मागे फिरणाऱ्याला दिवस वाया घालवल्याचा ठपका बसत नाही. यातला शेवटचा रिवाज वरकरणी किरकोळ वाटतो, पण माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच. ‘इथे नको’ म्हणण्यापेक्षा ‘त्या जंगलातल्या उतारावर जाऊ’ म्हणणं फार सोपं जातं.

आपल्याकडे हा सगळा प्रश्न गुलमर्गला येऊन उभा राहतो. गाव 2,650 मीटरवर. गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, दुसरा अफरवट डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या आसपास. हा दुसरा टप्पा 2005 मध्ये सुरू झाला आणि जगभरचे स्कीअर गुलमर्गला येऊ लागले, कारण इतक्या उंचीवरचा इतका कोरडा बर्फ इतक्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. महाराष्ट्रातून जाणारी बहुतेक कुटुंबं भाड्याचे बूट-कोट चढवून वर फोटो काढतात आणि त्याच पाळण्यातून खाली येतात. आपली काही तरुण पोरं मात्र तिथल्या सरकारी संस्थेत स्कीचा कोर्स करतात आणि मग पुन्हा पुन्हा जातात. गुलमर्गचं स्की पेट्रोल गोंडोलाखालचा वाडग्यासारखा खोलगट मुख्य उतार तपासून खुला-बंद करतं. त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला जे आहे ती बॅककंट्री. पाळण्यातून उतरल्यावर वळायचं किती, एवढाच प्रश्न.

1 फेब्रुवारी 2023 ला अफरवटच्या हापतखुड भागात दोन पोलिश स्कीअर मेले. 22 फेब्रुवारी 2024 ला, गुलमर्गमध्ये खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा चालू असताना, वरच्या उतारांवर एक रशियन स्कीअर मेला. दोन्ही वेळा बरोबरच्या कित्येकांना बाहेर काढण्यात यश आलं. डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते बहुधा जिल्हावार असतात: बारामुल्ला, कुपवाडा, गांदरबल. जिल्ह्याच्या इशाऱ्यावरून अफरवटची कुठली कूस आज वाईट आहे ते कळत नाही. ते कळायला रोज त्या डोंगरावर असलेला माणूस लागतो, म्हणजे पेट्रोलवाला किंवा स्थानिक गाइड.

इथे टनेल क्रीकपेक्षा निराळी गाठ बसते. तिथे सगळे बरोबरीचे होते, म्हणून कोणी बोललं नाही. गुलमर्गला गाइड आणि पाहुणा बरोबरीचे नसतात. वादळामुळे चार दिवस दुसरा टप्पा बंद. पाचव्या दिवशी आकाश निवळतं, पाळण्यापुढे रांग लागते, आणि पाहुण्याचं परतीचं विमान उद्याचं. त्यानं मोजलेले पैसे गाइडच्या वर्षभराच्या कमाईतला मोठा हिस्सा, कारण हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. हा गाइड ‘तिकडे नको’ म्हणाला आणि शेजारचा ‘चला’ म्हणाला, तर गिऱ्हाईक कोणाचं? बर्फाचं ज्ञान त्याच्याकडे पाहुण्यापेक्षा चौपट असेल. ते बोलून दाखवायला लागणारी किंमत मात्र त्यानं एकट्यानं का मोजावी, याचं उत्तर पाहुण्याकडे असायला हवं. ते द्यायला फार काही लागतही नाही. आदल्या संध्याकाळी कहवा पिता पिता त्याला सांगून टाकायचं, की उद्या पाळण्यातून बाहेर पडल्या पडल्या तू मागे फिरवलंस तरी पैसे पूर्ण मिळतील, आणि कारण विचारणार नाही.